फुटबॉल चाहत्यांच्या आंदोलनाला हुल्लडबाजी म्हणू नका

प्रति,
मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या मोर्चाचा फोटो आला, खाली दोन ओळी, अन् मथळ्यात शब्द होता 'हुल्लडबाजी'. तो शब्द वाचून लिहायलोय. फोटोत हिरवे-पिवळे मफलर घातलेली माणसं शांतपणे रस्त्यानं चालायलीत, त्यात पिकल्या केसांचे म्हातारे आहेत, लेकराला खांद्यावर घेतलेले बाप आहेत, हातात बोर्ड आहेत. ही माणसं सुट्टीच्या दिवशी घर सोडून स्वतःच्याच क्लबच्या मालकाविरुद्ध कशापायी उतरली, ते बातमीत कुठंच नव्हतं. आमच्याकडं नांदेडात लई पोरं या मॅचेस बघतात, त्यांनी ते पान वाचलं अन् त्यांचं मत तेवढ्यावरच झालं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तरी छापा ही विनंती.

टीम लाल जर्सीची अन् मफलर हिरवे-पिवळे, असं कामून हे आधी सांगतो. १८७८ मध्ये रेल्वेच्या कामगारांनी न्यूटन हीथ नावानं हा क्लब काढला, त्यावेळी रंग हिरवा अन् सोनेरी होता, मँचेस्टर युनायटेड हे नाव आलं १९०२ मध्ये. पुढं २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं क्लब विकत घेतला, किंमत साधारण ७९ कोटी पौंड, पण त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि त्या कर्जातला ५० कोटी पौंडांच्या वरचा भार सरळ क्लबच्याच माथी मारला. तोवर या क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे कुणीतरी आपलं शेत विकत घ्यावं, त्यासाठीचा बँकेचा बोजा आपल्याच सातबाऱ्यावर चढवावा आणि हप्ते त्याच शेतातल्या सोयाबीनमधून फेडत राहावं, तसला हा व्यवहार. व्याज, फी, लाभांश असं सगळं धरून तेव्हापासून एक अब्ज पौंडांच्या वर पैसा क्लबमधून बाहेर गेला. तो पैसा आला कुठून? तिकिटातून, जर्सीतून, टीव्हीतून, म्हणजे मॅच बघणाऱ्या माणसाच्या खिशातूनच की. अन् त्याच काळात क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियमच्या छतातून पाऊस गळायला लागला, हे तर आपणही टीव्हीवर बघितलंय.

२०१० मध्ये क्लबनं ५० कोटी पौंडांचे रोखे काढले, त्यावेळी कागदपत्रं सगळ्यांसमोर आली आणि कर्जाचा खरा आकडा लोकांना समजला. तेव्हा चाहत्यांनी ते जुने हिरवे-सोनेरी रंग बाहेर काढले. याच्यातला विचार मला फार आवडतो. लाल जर्सी विकत घेतली तर पैसा मालकाला जातो, घातली नाही तर टीमशी गद्दारी केल्यासारखं वाटतं, मग असा रंग घ्या जो क्लबचाच आहे, मालकाच्याही आधीचा आहे, आणि ज्याच्यातून मालकाला एक पैसा मिळत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये युनायटेडचाच जुना खेळाडू डेव्हिड बेकहॅम इटलीच्या एसी मिलानकडून ओल्ड ट्रॅफर्डला खेळायला आला आणि मॅच संपल्यावर जाताना तोच मफलर त्यानं गळ्यात घातला. त्याच्या आधी २००५ मध्येच काही चाहत्यांनी एवढं मनाला लावून घेतलं की एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा वेगळा क्लब काढला, जिथं प्रत्येक सभासदाला एक मत. खालच्या खालच्या लीगमध्ये खेळतात, पण स्वतःचं मैदान उभं केलं त्यांनी.

आता हुल्लडबाजीचं. २ मे २०२१ ला ओल्ड ट्रॅफर्डमध्ये चाहते आत घुसले, मैदानावर उतरले, लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढं ढकलावी लागली. त्या दिवशी बाटल्या फेकल्या गेल्या, पोलिसाला डोळ्याजवळ इजा झाली, ते चुकीचंच होतं, ते केलेल्यांना शिक्षा व्हायलाच पाहिजे. पण हजारो लोकांपैकी किती जणांनी ते केलं, आणि बाकीचे काय म्हणायले होते? दोनच आठवडे आधी, १८ एप्रिलला, युरोपातल्या १२ मोठ्या क्लबच्या मालकांनी सुपर लीग जाहीर केली होती, जिच्यात स्थापना करणाऱ्या क्लबांची जागा कायमची पक्की, कितीही हारा, बाहेर जायचंच नाही. खेळाडूंना विचारलं नाही, कोचला नाही, चाहत्यांचा तर विषयच नाही. दोन दिवसांत त्या बारांतल्याच लंडनच्या चेल्सीच्या स्टेडियमबाहेर एवढी गर्दी झाली की टीमची बस अडकली, क्लबचा जुना गोलकीपर अन् तेव्हाचा अधिकारी पेत्र चेकला बाहेर येऊन लोकांशी बोलावं लागलं, आणि त्याच रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाच्या सहा क्लब मागं फिरले. अब्जावधींचा खेळ रस्त्यावरच्या माणसांनी ४८ तासांत मोडला. तुमच्या पानावर ही गोष्ट मोठी व्हायला पाहिजे होती.

लोक म्हणतात की मोर्चे काढून काय होतंय, मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. होतं की. लिव्हरपूलचं बघा. ६ फेब्रुवारी २०१६, समोर सुंदरलँड, लिव्हरपूल २-० नं पुढं, आणि ७७ व्या मिनिटाला साधारण दहा हजार लोक उठून स्टेडियमच्या बाहेर निघून गेले, कारण पुढच्या सीझनपासून तिकीट ७७ पौंडांपर्यंत न्यायचं ठरलं होतं. दगड नाही, शिवी नाही, नुसते उठून गेले. ते गेल्यावर टीमनं दोन गोल खाल्ले अन् मॅच २-२ झाली. आपली टीम जिंकायलीय अन् तुम्ही उठून चाललात, हे करून बघा, लई अवघड आहे ते. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागं घेतली. त्याच क्लबच्या आधीच्या मालकांनी, हिक्स आणि जिलेट या जोडीनं, असंच कर्ज करून ठेवलं होतं, त्यांच्याविरुद्ध २००८ मध्ये चाहत्यांनी स्पिरिट ऑफ शँकली नावाची युनियनच काढली, अन् २०१० च्या ऑक्टोबरमध्ये त्या मालकांना क्लब सोडावा लागला.

पण मला सगळ्यात जास्त आदर ब्लॅकपूलच्या लोकांचा वाटतो. समुद्रकाठचं लहान गाव, २०१०-११ मध्ये त्यांची टीम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळली, तिथून आलेला पैसा मैदानात दिसायच्या ऐवजी मालक ऑयस्टन कुटुंबाच्या इतर कंपन्यांकडं वळला, पुढं २०१७ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टानंच त्याला क्लबची बेकायदा लूट ठरवलं. टीम घसरत घसरत २०१६ ला चौथ्या पायरीवर आली. चाहत्यांनी आवाज उठवला तर काहींवर मालकांनी इंटरनेटवर लिहिल्याबद्दल बदनामीचे दावे लावले. तेव्हा या लोकांनी ठरवलं, आता यापुढं एक पेनीही द्यायची नाही. घरच्या मैदानावर जायचं नाही, तिकीट नाही, जर्सी नाही, स्टेडियममधला चहासुद्धा नाही. सुरुवातीला लोक हसले असतील, पण वर्षानुवर्षं स्टेडियम रिकामं पडत गेलं. विचार करा साहेब, बाप दर शनिवारी मुलाला मॅचला न्यायचा, त्या बापानं चार-चार वर्षं जायचं बंद केलं, मुलगा मोठा होऊन गेला. हे क्लबवर प्रेम नसलेल्या माणसाला जमणारच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं मालकांची मालमत्ता ताब्यात घेणारा रिसीव्हर नेमला, मालक हटले, आणि ९ मार्चला साऊथएंडविरुद्धच्या मॅचला पंधरा हजारांवर लोक एकदम परत आले.

जर्मनीत तर नियमच वेगळा आहे, ५०+१ म्हणतात त्याला, म्हणजे अपवाद सोडले तर क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात राहिलीच पाहिजेत, पैसा कुणीही लावो. सभासद, सर्वसाधारण सभा, हात वर करून मतदान, हे आपल्या सहकाराच्या मुलखात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तरीपण डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या लीगनं प्रक्षेपण हक्कांतला हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, मग चाहत्यांनी काय केलं, आधी पहिली बारा मिनिटं पूर्ण शांत बसले, नंतर मैदानावर टेनिसचे बॉल अन् सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी टाकायला सुरुवात केली, मॅच थांबायची, खेळाडू ते बॉल गोळा करायचे, पुन्हा चालू. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं तो करार सोडून दिला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मला लोक विचारतात की हे सगळं तिकडं इंग्लंड-जर्मनीत, नांदेड-परभणीतल्या माणसाचा काय संबंध. लई संबंध आहे, आणि तो असा आहे की या मालकांचा भरवसा तिथल्या माणसावर राहिलेलाच नाही, तो आपल्यावर आहे. २०२२ ते २०२५ च्या करारात प्रीमियर लीगला परदेशातल्या प्रक्षेपणातून मिळणारी रक्कम इंग्लंडमधल्या रकमेच्या पुढं गेली. सुपर लीग आणली तेव्हाही सांगितलं काय, तर जगभरच्या प्रेक्षकांना, तरुण पोरांना फक्त मोठ्या टीमच्या मोठ्या मॅचेस पाहिजेत. म्हणजे कुणाचं नाव पुढं केलं? आपलं. मँचेस्टरच्या माणसानं जर्सी घेतली नाही तर त्याच्या ऐवजी आशियातला पोरगा घेईल, त्यानं सीझनचं तिकीट सोडलं तर विमानानं येणारा पर्यटक दुप्पट पैसे देऊन बसेल, हा सरळ हिशोब आहे त्यांचा. तिथला माणूस संपावर जातो अन् त्याच्या जागी आपल्याला बसवतात. आणि आपण इथं मोबाईलवर बसून त्याच संपकऱ्याला शिव्या घालायलोत की हे लोक टीमचं वातावरण खराब करतात, खेळाडूंचं लक्ष विचलित करतात, घरी बसा म्हणावं यांना. मी स्वतः रोज वाचतो असल्या कमेंट, मराठीत, आपल्याच जिल्ह्यांतल्या पोरांच्या. ती पोरं वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायचं काम तुमच्या पानाचं होतं.

आपल्या देशातही हे झालंय. मोहन बागान म्हणजे कोलकात्याचा १८८९ चा क्लब, १९११ मध्ये अनवाणी खेळून इंग्रज पलटणीला हरवून शील्ड जिंकणारा. २०२० मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) येताना एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या टीमबरोबर एकत्र झाला आणि नावाच्या पुढं एटीके लागलं. एटीके २०१४ चं, म्हणजे सहा वर्षांचं नाव शंभर वर्षांच्या नावाच्या आधी. चाहत्यांनी तीन वर्षं मागणी लावून धरली की ते नाव काढा, स्टेडियममध्ये बॅनर, रस्त्यावर मोर्चे, बहिष्कार. १८ मार्च २०२३ ला टीम गोव्यात आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं की पुढच्या सीझनपासून एटीके जाणार. केरळ ब्लास्टर्सची मंजप्पडा ही चाहत्यांची संघटना २०२४-२५ मध्ये मॅनेजमेंटविरुद्ध उभी राहिली, तिकिटं घेणार नाही म्हणाली. ईस्ट बंगालला मात्र जुलै २०२१ मध्ये चाहत्यांतच दोन गट पडले, एक क्लबच्या पदाधिकाऱ्यांकडून, एक विरोधात, आपसात भिडले अन् पोलिसांचा लाठीमार झाला, त्यातून काही हाती लागलं नाही.

आणि आपलं काय? एफसी पुणे सिटी. २०१४ ला चालू झाली, बालेवाडीत खेळायची, २०१७-१८ ला सेमीफायनलला गेली, आणि २०१९ मध्ये बंद. पूर्ण राज्यात कुणी हूं का चूं केलं नाही. आयएसएलमधली तिची जागा हैदराबादला गेली. आता नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, सोयरे-धायरे तिकडं, दवाखान्याला तिकडं, त्यामुळं इथल्या कितीतरी पोरांनी हैदराबाद एफसीला आपली टीम मानली, रेल्वेनं जाऊन गच्चीबावलीला मॅच बघून आलेली पोरं आहेत. २०२२ ला टीमनं आयएसएलची ट्रॉफी जिंकली. तिथून वर्ष-दीड वर्षात खेळाडूंचे पगार थकले, नवीन खेळाडू घेण्यावर फिफाची बंदी आली, २०२३-२४ ला टीम तळाला. मालक बदलले, आणि २०२५ मध्ये टीम उचलून थेट दिल्लीला नेली, नाव पण बदललं, स्पोर्टिंग क्लब दिल्ली. ट्रॉफी जिंकलेली टीम तीन वर्षांत शहरासकट गायब. ज्या पोरानं पिवळी जर्सी घेऊन ठेवलीय, त्याला कुणी एक फोन, एक पत्र, एक मेसेज केला नसेल, विचारायचं तर लांबच राहिलं. तो आता कुणाच्या नावानं ओरडणार?

इथं मला लंडनच्या विंबल्डन फुटबॉल क्लबचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००२ मध्ये त्यांचा क्लब असाच दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी दिली गेली. चाहत्यांनी काही आठवड्यांत एएफसी विंबल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, तिथल्या मोकळ्या माळावर खेळाडूंच्या ट्रायल घेतल्या, अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली, नऊ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेन भागातच नवीन मैदानात परत गेले. क्लब अजून चाहत्यांच्याच मालकीचा आहे. त्यांना हे जमलं कारण ते आधीपासून संघटित होते, टीम नेणार म्हटल्यावर भेटायची जागा ठरलेली होती, हिशोब ठेवणारा माणूस होता, पत्रक काढणारा होता. आपल्याकडं तेच नाही. मॅच बघायचे ग्रुप ढिगानं आहेत, पण मालकानं टीम उचलली तर उद्या कुणी कुणाला फोन करायचा, हे एकालाही माहीत नाही. आपल्या राज्यात एकट्या कोल्हापुरात असं आहे की टीम तालमीच्या आहेत, पेठेच्या आहेत, त्या कुणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये तर आता कायदा झाला. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारासाठी कायदा पास झाला, स्वतंत्र नियामक आला, क्लबचा बिल्ला किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं मत घ्यावं लागतं, मैदान विकायचं तर परवानगी लागते, सुपर लीगसारखं काही काढलं तर त्यात जायला बंदी. हे कुणी आपणहून दिलेलं नाही, सुपर लीगविरुद्ध लोक रस्त्यावर आले, त्यानंतर सरकारनं २०२१ मध्ये चाहत्यांना घेऊन समीक्षा केली, तिच्यातून हे पुढं आलं. आपल्या लीगचे नियम ठरवताना चाहत्यांच्या प्रतिनिधीला टेबलावर एक खुर्ची मिळावी, टीम शहर सोडणार असेल तर निदान सहा महिने आधी जाहीर सांगावं, एवढी मागणी तर आपण करू शकतो, आणि ती एखाद्या मराठी पेपरनं उचलून धरली तर वजन येईल.

साहेब, तुम्ही ही मागणी उचला एवढंच म्हणणं आहे. पुण्याची टीम बंद पडली तेव्हा खेळाडूंचं, स्टाफचं, मैदान सांभाळणाऱ्यांचं काय झालं, यावर एक नीट बातमी करा, बालेवाडीत जाऊन बोला लोकांशी. क्रिकेटला तीन पानं द्या, हरकत नाही, याला एक रविवार द्या.

आमच्या इथं जो ग्रुप आहे त्यात आम्ही ठरवलंय की युनायटेडचे चाहते जोवर मालकांविरुद्ध उतरायलेत तोवर क्लबच्या दुकानातली जर्सी कुणी मागवायची नाही, ज्याला घालायचीच आहे त्यानं जुनी घालावी नाहीतर हिरवा-पिवळा मफलर शिवून घ्यावा, आणि चाहत्यांना शिव्या देणारी पोस्ट कुणी पुढं पाठवायची नाही. टीमला सपोर्ट सोडलेला नाही कुणी, मॅच बघायला सगळे येतातच. लातूर, परभणी, संभाजीनगरला असेच ग्रुप आहेत हे मला माहीत आहे, त्यांनी आपापल्या ठिकाणी बसून बोलावं, सहमत नसतील तर तसं सांगावं, आणि काय ठरलं ते याच पत्रांच्या रकान्यात कळवावं.

आपला,
एक नियमित वाचक,
नांदेड